फुकटचे मुखत्यार
(लेखांक सहावा)

ब्राउझरच्या अंतर्रचनेचे विवेचन गेल्या लेखांकात केले, तेव्हा त्याला बाहेरून जोडावयाच्या एक्स्टेन्शनांचा विषय बुद्ध्याच मागे ठेवला होता. कारण विकत घ्यावयाच्या वस्तूपेक्षा विनामूल्य वस्तूची निवड अधिक बिकट असते. पैसे मोजताना मनुष्य स्वभावतःच चिकित्सक होतो. फुकटच्या वस्तूपुढे मात्र ती चिकित्सा करण्याचे त्याला स्मरणच राहत नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीचे एखादे अडत दुकान घ्या. तेथील दिवाणजी ज्या ब्राउझरात सकाळी वर्तमानपत्र चाळतात, त्याच ब्राउझरात दुपारी जीएसटीचे विवरणपत्र भरतात आणि शेतकऱ्याच्या पट्टीची रक्कम बँकेतून वर्ग करतात. जाहिरातींच्या माऱ्याला कंटाळून त्यांनी एक एक्स्टेन्शन बसविले, आणि 'सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे' अशी परवानगी मागणाऱ्या चौकटीला न वाचताच होकार दिला, तर त्यांनी एका अनोळखी इसमाच्या नावे कुलमुखत्यारपत्रच लिहून दिले, असे म्हणावे लागेल. कारण वर्तमानपत्राचे पान आणि बँकेचे पान असा भेद ती परवानगी करीत नाही. जमिनीच्या व्यवहारात ज्या गोष्टीसाठी मुद्रांक, साक्षीदार आणि दुय्यम निबंधकाची कचेरी लागते, ती येथे एका टिचकीसरशी उरकते.

म्हणून एक्स्टेन्शनाची स्तुती किती जणांनी केली आहे, हे पाहण्यापूर्वी ते किती अखत्यार मागते आणि त्याचा योगक्षेम कोण चालवितो, या दोन गोष्टी पाहाव्यात. जाहिराती अडविणाऱ्या एक्स्टेन्शनांतच हा फरक उत्तम दिसतो. 'ॲडब्लॉक प्लस' हे विनामूल्यच; परंतु 2011 पासून त्याने काही जाहिरातींना 'स्वीकारार्ह' ठरवून मोकळी वाट दिली, आणि मोठ्या जाहिरात कंपन्यांकडून त्या वाटेचा मोबदला घेतला जातो. ती सवलत आपण बंद करू शकतो, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण ती मुळात चालू असते. याउलट रेमंड हिल यांचे 2014 पासूनचे 'यूब्लॉक ओरिजिन' कोणाकडून असा मोबदला घेत नाही, देणगीही मागत नाही, आणि त्याची मूळ संहिता कोणाही जाणकाराला तपासता येते. जाहिरात पुरतेपणी अडवावयाची तर प्रत्येक पान पाहण्याचा अधिकार बहुधा द्यावाच लागतो. तो द्यावयाचाच असेल तर ज्याचे दप्तर सर्वांना खुले आहे अशाला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. क्रोमने मात्र 2024 पासून एक्स्टेन्शनांची जुनी पद्धत क्रमाक्रमाने मोडीत काढल्यामुळे तेथे आता त्याच कर्त्याची, मर्यादित सामर्थ्याची 'लाइट' आवृत्ती वापरावी लागते. मूळ आवृत्ती हवी असणाऱ्याने फायरफॉक्स घ्यावा. (जिल्ह्याचे जे दैनिक आपण रोज वाचतो, त्याच्या संकेतस्थळापुरती ही अडवणूक उठवावी; त्याचा प्रपंच जाहिरातींवरच चालतो.)

तथापि आरंभी चोखाळून घेतलेले एक्स्टेन्शन पुढेही चोख राहीलच, अशी हमी नाही. 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचे एक्स्टेन्शन वापरात नसलेली पाने निद्रिस्त करून संगणकावरील भार हलका करीत असे. वीस लाखांहून अधिक लोक ते वापरीत होते आणि त्याच्या उपयुक्ततेविषयी फारसा मतभेद नव्हता. 2020 मध्ये मूळ कर्त्याने ते एका अज्ञात खरेदीदारास विकले, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये त्यात घातक संहिता असल्याचे कारण देऊन गूगलने ते क्रोममधून हटविले. मधल्या काळात मालक बदलल्याची वर्दी बहुसंख्य वापरकर्त्यांना लागली नाही, कारण एक्स्टेन्शनाच्या नव्या आवृत्त्या आपोआप उतरतात. वाढीव अधिकार हवे असतील तर ब्राउझर पुन्हा विचारतो खरा. परंतु ज्याने पहिल्याच दिवशी सर्वाधिकार लिहून घेतले, त्याला नव्याने विचारण्याची गरजच उरत नाही. शिवाय पाने निद्रिस्त करण्याची सोय आता क्रोममध्ये अंगभूतच आहे.

हीच गोष्ट आणखी पुष्कळ गरजांची आहे. मराठी टंकनासाठी एक्स्टेन्शन शोधणाऱ्या साताऱ्याच्या शिक्षकाला मी ते घेऊ नये असेच सांगेन. विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट पूर्वीपासून आहे, आणि 2019 पासून उच्चारानुसारी मराठी कळफलकही आहे. वाईहून ज्याचे संपादन चालते तो मराठी विश्वकोश संकेतस्थळावर वाचताना अक्षर बारीक वाटले, तर कंट्रोल आणि अधिकचिन्ह या दोन कळांनी काम भागते. एके काळी गरज खरी होती. युनिकोड रुळण्यापूर्वी भारतीय भाषांची संकेतस्थळे आपापले निरनिराळे फाँट वापरीत, आणि तो मजकूर वाचनीय करण्यासाठी फायरफॉक्सकरिता 'पद्म' नावाचे एक्स्टेन्शन होते. पुढे संकेतस्थळे युनिकोडवर आली आणि ते प्रयोजनच संपले; नोव्हेंबर 2017 मध्ये फायरफॉक्सने जुन्या धाटणीच्या एक्स्टेन्शनांचा आधारही काढून घेतला.

पासवर्डांचा प्रश्न मात्र एक्स्टेन्शनाने खरोखर सुटतो. रोजनिशीच्या शेवटच्या पानावर सगळे पासवर्ड लिहून ठेवण्याच्या, किंवा सर्वत्र एकच वापरण्याच्या रिवाजापेक्षा 'बिटवॉर्डन' कितीतरी बरे: त्याचीही संहिता खुली आहे, विनामूल्य योजनेत पासवर्डांच्या संख्येला वा उपकरणांना मर्यादा नाही, आणि पत्ता खोट्या बँकेचा असेल तर ते आपण होऊन पासवर्ड पुढे करीत नाही. त्याचा मुख्य पासवर्ड विसरला तर कंपनीलाही तो परत देता येत नाही, एवढी खबरदारी ठेवावी.

आता दिवाणजींनी करावयाचे ते सांगतो. क्रोममध्ये बँक आणि कर यांच्यासाठी निराळे प्रोफाइल उघडावे. एका प्रोफाइलातील एक्स्टेन्शने दुसऱ्यात शिरत नाहीत, आणि या नव्यात पासवर्डांच्या एक्स्टेन्शनाखेरीज दुसरे काहीही बसवू नये. जुन्या प्रोफाइलातील एक्स्टेन्शनांची यादी उघडून, जे कशासाठी घेतले ते आठवत नाही ते काढून टाकावे. जाहिराती अडविणारे सोडून बाकी राहिलेल्यांच्या तपशिलात जाऊन 'सर्व संकेतस्थळांवर' ही मुभा बदलून 'क्लिक केल्यावर' अशी करावी. पुढील लेखांकात कुकीज या विषयाचा विचार करू. तत्पूर्वी वाचकांनी ही यादी एकदा अवश्य तपासून ठेवावी.