पणजी–रायबंदर मार्ग : पाण्याला वाट देणारा रस्ता

पणजीहून पाटोमार्गे पूर्वेकडे निघालेला प्रवासी थोड्याच वेळात जवळजवळ पाण्याच्या पातळीवर येतो. डावीकडे मांडवीचे विस्तीर्ण पात्र, उजवीकडे खारफुटीची व मिठागरांची सखल भूमी आणि या दोहोंमधून रायबंदरकडे गेलेली सुमारे ३.२ किलोमीटर लांबीची वाट. नित्य ये-जा करणाऱ्या पुष्कळांना हा नदीकाठचा साधा रस्ता वाटतो. वस्तुतः तो पूल आहे.

लिन्यारिशचे काउंट मिगेल द नोरोन्या हे व्हाइसरॉय असताना १६३३-३४ मध्ये जांभ्या दगडात त्याचे बांधकाम झाले. त्या काळी राजधानी जुन्या गोव्यात होती आणि पणजी हे दलदलीने वेढलेले एक लहानसे गाव होते. पुढे रोगराईने जुने शहर ओस पडू लागले. व्हाइसरॉयचे निवासस्थान आधी याच वाटेवरील पणेलिम येथे व १७५९ मध्ये पणजीस आले. १८४३ मध्ये पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला. राजधानीच या रस्त्याने टप्प्याटप्प्याने चालत आली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

या मार्गाचे खरे मर्म मात्र त्याच्या पोटात आहे. मांडवीत दिवसातून दोनदा भरती येते. दलदलीत नुसता मातीचा बांध घातला असता, तर पलीकडची जमीन नदीपासून तुटली असती आणि पावसाळ्यात चिंबल-मेरशीच्या बाजूने उतरणारे पाणी अडून राहिले असते. म्हणून भरावात ठिकठिकाणी कमानी ठेवण्यात आल्या. आपल्या खाजन शेतीतील मानशीचे मोल जाणणाऱ्या शेतकऱ्याला हे तत्त्व वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही. पाण्याला पूर्णपणे अडवू पाहणारा बांध फुटतो. कमानीच्या तोंडाशी कचरा वा भराव टाकणाऱ्याला तो केवळ एक कोपरा दिसतो; मिठागराच्या दृष्टीने ते दार बंद करणेच होय.

१९७० साली वाहतुकीस खुला झालेला मांडवीवरील पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा बार्देशकडील वाहतुकीचा भार फेरीबोटींवर येऊन पडला. साडेतीनशे वर्षांची ही वाट मात्र उभी होती. उंच पुलाची व ठेंगण्या सेतूची तुलना तितकीशी न्याय्य नव्हे, हे मान्य. पण त्या पावसाळ्यात ती अनेकांच्या मनात आल्यावाचून राहिली नसेल.

आता फोंडा, मोले, अनमोडमार्गे बेळगावकडे जाणाऱ्या जड वाहतुकीसाठी कदंब पठारावरचा बाह्यवळण मार्ग आहे. जुन्या सेतूवरचा भार हलका ठेवण्यासाठी त्याचा उपयोग अधिकाधिक व्हावयास हवा. रायबंदरच्या धक्क्यावरून चोडण व दिवाडी या बेटांकडे फेरीबोटी सुटतात. चोडणच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. शिक्षकांनी सहल नेताना मुलांना बसच्या खिडकीतूनच हा सेतू दाखवून समाधान मानू नये. ओहोटीची वेळ पाहून फेरीबोट घ्यावी आणि पाण्यावरून मागे वळून त्याच्याकडे पाहावयास सांगावे.