अनावर झालेल्या रुग्णाला शांत करणारं इंजेक्शन: कोणतं आणि का?

घरातला माणूस अचानक अनावर होतो, ओरडतो, अंगावर धावून येतो. चार जण धरून त्याला दवाखान्यात नेतात. इंजेक्शन दिलं जातं, तो झोपतो. बाहेर बसलेल्या अम्मी-अब्बूंना एकच धास्ती: पोरगा कायमचा सुन्न तर होणार नाही ना? नाही. हे इंजेक्शन आजार बरा करत नाही. काही तास शांत करतं, म्हणजे तपासणी करता येते. पण सगळी इंजेक्शनं सारखी नसतात.

याचा चांगला अभ्यास आपल्याच देशात, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाला. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 200 रुग्णांपैकी निम्म्यांना लोराझेपाम दिलं, निम्म्यांना हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन ही जोडी. चार तासांनी दोन्हीकडचे जवळपास सगळेच शांत होते, पण जोडीवाले लवकर शांत झाले. 2007 मध्ये 300 रुग्णांवर ओलान्झापिन आणि हीच जोडी तपासली. पंधरा मिनिटांत दोन्हींचा गुण सारखाच. मात्र चार तासांत ओलान्झापिनवाल्यांपैकी 43 टक्क्यांना आणखी औषध लागलं, जोडीवाल्यांपैकी 21 टक्क्यांना. म्हणजे जुनी, स्वस्त औषधं इथे कमी पडली नाहीत.

सगळ्यात झटपट ठरलं मिडाझोलाम. ब्राझीलमधल्या रिओच्या अभ्यासात वीस मिनिटांत 89 टक्के रुग्ण शांत झाले किंवा झोपले. जोडीने 67 टक्के. पण मिडाझोलामने श्वास मंदावू शकतो. जिथे श्वासावर नजर ठेवणारं कोणी नाही, तिथे ही घाई महागात पडेल.

आता प्रोमेथाझिन कशाला, तर त्याचं उत्तर महत्त्वाचं आहे. नुसतं हॅलोपेरिडॉल दिलं तर काहींची मान वाकडी होते, जबडा आखडतो, डोळे वर खेचले जातात. बघणारा घाबरतोच. घरात लगेच ‘असर झाला’ अशी कुजबुज सुरू होते. हा औषधाचा दुष्परिणाम आहे, आणि तो काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी घरी आल्यावरही दिसतो. रुग्णाला परत दवाखान्यात न्या, एका इंजेक्शनने तो सहसा लवकर उतरतो. रिओतल्याच दुसऱ्या अभ्यासात असा तीव्र त्रास फक्त नुसतं हॅलोपेरिडॉल मिळालेल्यांना झाला. म्हणून एकटं हॅलोपेरिडॉल टोचण्याची सवय आम्हाला पटत नाही.

डॉक्टर विचारोत न विचारोत, घरच्यांनी काही गोष्टी सांगायलाच हव्यात: दारू किंवा नशा केली आहे का, दमा किंवा हृदयाचा आजार आहे का, फिट येते का, डोक्याला मार लागलाय का, आधी कुठे कोणतं इंजेक्शन दिलं. शेवटचं तर विसरूच नका, कारण ओलान्झापिन आणि लोराझेपामची इंजेक्शनं एकापाठोपाठ दिली तर रक्तदाब आणि श्वास दोन्ही खाली जाऊ शकतात. साखर कमी झाली किंवा ताप डोक्यात गेला तरी माणूस असाच वागतो, तेव्हा साखर तपासली का हेही विचारा.

झोपलेल्या रुग्णाला कुशीवर ठेवा, एकटं सोडू नका. श्वास घोरल्यासारखा किंवा फार मंद वाटला, ओठ निळसर दिसले, तर लगेच नर्सला हाक मारा. घरीच असाल तर 108 ला फोन करा.