कामे कोणी वाटली?

पोराने रडू नये, पोरीने खिदळू नये, असे आपण लहानपणापासून ऐकतो. पण हे काही जन्मतः ठरलेले नसते. मूल जे बघते तेच शिकते. जत्रेतून मुलाला बैलगाडी अन् मुलीला भातुकली आणतात, तिथूनच सुरुवात होते.

गंमत बघा! घरात आजोबा चुलीकडे फिरकत नाहीत, पण लग्नाच्या पंगतीचा आचारी बहुधा पुरुषच. गावचा शिंपीही पुरुष. म्हणजे हाताला काम जमते. पैसे मिळाले की लाजही वाटत नाही.

रीत बदलतेही. १८४८ साली पुण्यात सावित्रीबाई फुले मुलींना शिकवू लागल्या, तेव्हा लोकांनी त्यांच्यावर शेण फेकले. आज वर्गात मुली बसतात त्याचे कोणाला नवल नाही. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आईबरोबर बाबाही भाजी निवडताना दाखवले.

आमच्याकडे मात्र पाणी ताईच आणायची. तिची यंदा दहावी आहे. मी कळशी उचलली तर आजी म्हणाली, "लोक हसतील रे!" विहिरीवर दोघीजणी हसल्या खऱ्या. चौथ्या दिवशी कोणी बघेना. तेवढ्या वेळात ताईची चार गणिते होतात.