वैमानिकांच्या अतांत्रिक कौशल्यांचे मूल्यमापन : परीक्षकांमधील सुसंगतीचा प्रश्न

प्रस्तावना

२२ मे २०१० रोजी मंगळूर येथे एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि १५८ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने असे नोंदविले की, सहवैमानिकाने तीन वेळा सुचवूनही कप्तानाने उतरण्याचा प्रयत्न सोडला नाही. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोड येथे याच कंपनीच्या विमानाला झालेल्या अपघातात २१ जणांचा बळी गेला. तेथेही सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याची सूचना दिली. मात्र नियंत्रण स्वतःच्या हाती घेतले नाही. दोन्ही प्रसंगी वैमानिक परवानाधारक व अनुभवी होते. उणीव होती ती संवाद, ठामपणा आणि निर्णय यांची. अशा कौशल्यांची परीक्षा कितपत विश्वसनीय असते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना

१९७७ मध्ये टेनेरिफ येथे दोन विमानांची टक्कर होऊन ५८३ जण ठार झाले. त्यानंतर वैमानिकांच्या परस्परव्यवहाराकडे जगाचे लक्ष वेधले गेले. युरोपात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'नॉटेक्स' ही मूल्यमापन पद्धती विकसित झाली. तिच्यात सहकार्य, नेतृत्व व व्यवस्थापन, परिस्थितीचे भान आणि निर्णयक्षमता असे चार विभाग व त्यांचे १५ घटक असून गुणदान पाच श्रेणींत होते. परीक्षकाने केवळ प्रत्यक्ष दिसलेले वर्तनच विचारात घ्यावे, स्वभावावर मत देऊ नये आणि प्रतिकूल निर्णयाचे कारण स्पष्ट करावे, हे या पद्धतीचे महत्त्वाचे दंडक होत.

सुसंगतीचे मापन

उंची किंवा वेग यांतील चूक यंत्रावर दिसते. 'सहवैमानिकाचे म्हणणे ऐकून घेतले' हे मात्र परीक्षकालाच ठरवावे लागते. म्हणून एकच वर्तन पाहून दोन परीक्षक समान श्रेणी देतात काय, हे तपासणे अगत्याचे ठरते.

केवळ सहमतीची टक्केवारी येथे फसवी ठरते. समजा, दोन परीक्षकांनी १०० वैमानिकांची परीक्षा घेतली, प्रत्येकाने ९० जणांना उत्तीर्ण केले आणि ८६ बाबतींत दोघांचा निर्णय जुळला. वरकरणी ही सहमती उत्तम वाटते. परंतु दोघांनी डोळे मिटून याच प्रमाणात निकाल दिले असते, तरी योगायोगाने ८२ निर्णय जुळले असते. योगायोगाचा हा वाटा वगळून सहमती मोजणारा 'कप्पा' गुणांक जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडला. वरील उदाहरणात तो केवळ ०.२२ येतो. याचा अर्थ असा की, एका परीक्षकाने अनुत्तीर्ण ठरविलेल्या १० वैमानिकांपैकी फक्त ३ दुसऱ्याच्या दृष्टीने अनुत्तीर्ण होते. सुरक्षिततेच्या दृष्टीने ज्यांच्याविषयी एकमत हवे, नेमके तेथेच ते नसते.

विसंगतीची कारणे

विसंगती एकाच प्रकारची नसते. एखादा परीक्षक सर्वांनाच सढळ हाताने गुण देतो. दुसरा तांत्रिक उड्डाण उत्तम दिसताच इतर सर्व घटकांतही वरची श्रेणी देतो. तिसरा सुरक्षित म्हणून सर्वांना मधली श्रेणी देतो. याखेरीज 'ठामपणा' कोणास उद्धटपणा वाटतो, तर कोणास कर्तव्य. ज्येष्ठांपुढे मौन पाळणे हा जेथे सुसंस्कृतपणा मानला जातो, तेथे हा फरक विशेष गंभीर होय.

उपाय

युरोपातील एका प्रयोगात १४ विमान कंपन्यांच्या १०५ प्रशिक्षकांना सिम्युलेटरमधील प्रसंगांच्या चित्रफिती दाखवून 'नॉटेक्स'नुसार गुण देण्यास सांगण्यात आले. प्रत्येकाचे गुण तज्ज्ञांच्या संदर्भ-श्रेणीशी ताडून पाहता येतात, हे अशा प्रयोगाचे सार आहे. परीक्षकांनी एकच चित्रफीत पाहून स्वतंत्रपणे गुण द्यावेत, तफावतीवर चर्चा करावी आणि ही प्रक्रिया ठरावीक काळाने पुन्हा करावी, हा परिणामकारक मार्ग होय. मात्र सर्वांचे एकमत झाले म्हणजे ते अचूकच असते असे नाही; सारेच सारखे सैलही असू शकतात. म्हणून संदर्भ-श्रेणी आवश्यक ठरते.

समारोप

एअर इंडियाने २०२४ मध्ये अमरावतीजवळील बेलोरा येथे वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याची घोषणा केली. त्यामुळे हा विषय सोनाळ्यासारख्या ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांनाही परका राहिलेला नाही. प्राध्यापकवर्गासाठी तर तो अधिकच जवळचा आहे. प्रात्यक्षिक व मौखिकी परीक्षांत अंतर्गत आणि बहिःस्थ परीक्षक एकत्र बसतात. पण गुण चर्चेपूर्वी स्वतंत्रपणे नोंदविले गेले नाहीत, तर ज्येष्ठाचे मत हेच दोघांचे मत होते. कॉकपिटमधील ज्या उतरंडीचे मूल्यमापन करावयाचे, तीच परीक्षकांच्या मेजावर अवतरली, तर त्या गुणांना अर्थ उरत नाही.