नेट चालू, यूट्यूब चालू, मग सोर्सचं डाउनलोडच का अडकतं?

समजा, नागपुरात जरीपटक्याला भाड्याच्या खोलीत राहणारा इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी आहे. जुना लॅपटॉप, त्यावर जेंटू लिनक्स आणि गल्लीतल्या केबलवाल्याचं ब्रॉडबँड. रात्री जेवण झाल्यावर त्याने एक पॅकेज टाकायला घेतलं. स्क्रीनवर एक ओळ आली आणि पुढे सगळं शांत. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मोबाइलवर यूट्यूब मात्र झकास चालू आहे.

अशा वेळी बहुतेक जण एकच करतात. कंट्रोल-सी दाबायचं आणि पुन्हा तीच कमांड द्यायची. दोन-तीनदा असं झालं की निष्कर्ष निघतो, "लिनक्सच बेकार." खरं तर पॅकेज सिस्टीमचा यात फारसा दोष नसतो.

उबंटूसारख्या लिनक्सवर पॅकेज म्हणजे तयार डबा. उघडला की जेवायला बसायचं. जेंटूमध्ये किंवा आर्च लिनक्सच्या एयूआरमध्ये तुम्हाला मिळते ती रेसिपी आणि सामानाची यादी. शिधा आणायचा आणि घरीच शिजवायचा. हा शिधा म्हणजे सोर्स कोडची फाईल, आणि ती प्रत्येक पॅकेजसाठी वेगळ्या दुकानात असू शकते. एक गिटहबवर, दुसरी एखाद्या विद्यापीठाच्या सर्व्हरवर, तिसरी कुणाच्या छोट्या वेबसाइटवर. म्हणून नऊ फाईली उतरतात आणि दहावी अडते. यूट्यूबचा यात काही संबंध नाही, तो रस्ताच वेगळा.

आता पहिला प्रश्न. डाउनलोड खरंच अडकलंय का? जेंटूचं पोर्टेज अनेकदा फाईली मागच्या मागे उतरवत असतं आणि प्रगती स्क्रीनवर न दाखवता एका वेगळ्या लॉग फाईलमध्ये लिहितं. ती उघडली की कळतं, काम चालू आहे की नाही. त्यात थांबण्याची मुदतही ठरलेली असते. पोर्टेज डब्ल्यूगेटला सांगतं की 60 सेकंद काहीच आलं नाही तर सोड, आणि 3 वेळा प्रयत्न कर. म्हणजे एका बंद सर्व्हरवर तीनेक मिनिटं जाऊ शकतात, आणि यादीत असे दोन-तीन सर्व्हर असले की माणसाचा धीर सुटतो. नुसतं डब्ल्यूगेट वापरलं तर ही मुदत 900 सेकंदांची, तेही 20 प्रयत्नांपर्यंत! उलट आर्चचं पॅकमॅन फार उतावीळ. 10 सेकंदांत एक बाइटही आला नाही की ते डाउनलोड सोडून देतं.

खरंच अडकलंय असं दिसलं तर पुढचा संशय नावावर घ्यायचा. सर्व्हरचं नाव टाकलं की त्याचा आयपी पत्ता सांगण्याचं काम डीएनएस करतं, आणि भारतात गडबड इथेच बरेचदा झाली आहे. डिसेंबर 2014 मध्ये सरकारी आदेशावरून 32 वेबसाइट बंद झाल्या, त्यात चक्क गिटहब होतं. फेब्रुवारी 2022 पासून व्हीएलसी प्लेअर बनवणाऱ्या व्हिडिओलॅनची साइट अनेकांना उघडत नव्हती, ती नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू झाली. सगळ्यात चकवणारा प्रकार 2022 च्या अखेरीस गाजला. गिटहब नीट उघडायचं, पण त्याच्या कच्च्या फाईली ज्या वेगळ्या पत्त्यावरून येतात, तो पत्ता देशातल्या काही इंटरनेट कंपन्यांच्या ग्राहकांना मिळतच नव्हता. ब्राउझरमध्ये सगळं ठीक आणि इन्स्टॉल स्क्रिप्ट मात्र ठप्प. बिचारे लोक आपल्याच लॅपटॉपवर चिडत बसले.

याची परीक्षा सोपी आहे. मोबाइलचा हॉटस्पॉट लावा आणि तीच फाईल पुन्हा मागवा. हॉटस्पॉटवर उतरली, ब्रॉडबँडवर नाही, तर लॅपटॉप निर्दोष. मग ब्रॉडबँडवरच डीएनएस बदलून बघा. तेवढ्याने काम झालं तर चोर सापडला.

नाव बरोबर, जोडणीही झाली, पण आकडा शून्यावरच? इथे दोन नेहमीचे गुन्हेगार आहेत. एक आयपीव्ही6. सर्व्हरचे नवे आणि जुने असे दोन्ही पत्ते मिळतात, प्रोग्रॅम आधी नव्याकडे जातो आणि तो रस्ता मधेच तुटलेला असतो. डब्ल्यूगेट किंवा कर्लला "फक्त आयपीव्ही4 वापर" असं सांगता येतं. दुसरा गुन्हेगार पाकिटाचा आकार. नेटवर्कवर एका पाकिटात सहसा 1500 बाइट जातात, पण युजरनेम-पासवर्ड टाकून चालणाऱ्या पीपीपीओई ब्रॉडबँडमध्ये 8 बाइट त्या व्यवस्थेलाच लागतात. उरले 1492. हे राउटरला नीट सांगितलेलं नसेल तर छोटी पाकिटं जातात, मोठी वाटेत गळतात. जोडणी झाल्यासारखी दिसते आणि फाईल येत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये एमटीयू 1492 केला की अनेकदा गाडी सुटते.

गिटवरून येणाऱ्या सोर्सची गोष्ट निराळी. साधी फाईल अर्ध्यावर तुटली तर बहुतेक वेळा तिथूनच पुढे सुरू होते, गिट क्लोन मात्र पहिल्यापासून. मोजका डेटा पॅक असणाऱ्याला हे फार महागात पडतं. सगळा इतिहास न मागवता फक्त शेवटची आवृत्ती मागवली की भार बराच कमी होतो.

कधी डाउनलोड "पूर्ण" होतं आणि मग पोर्टेज ओरडतं की आकार जुळत नाही. फाईल हवी 20 एमबीची, आली 4 केबीची. ती उघडून बघा. आत बहुतेक वेळा ब्लॉक केल्याची सूचना किंवा वायफायचं लॉगिन पान असतं. अशा वेळी तपासणीच बंद करून पुढे जायचा मोह होतो, तसा पर्यायही एयूआरच्या साधनात आहे. तो वापरू नये. रेसिपीसोबत प्रत्येक फाईलचा चेकसम, म्हणजे तिच्या बोटाचा ठसा, दिलेला असतो. तो जुळला की फाईल पॅकेज बनवणाऱ्याने पाहिलेलीच आहे, एवढी खात्री मिळते. एवढीच, हेही खरं. मार्च 2024 मध्ये एक्सझेडच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांच्या अधिकृत सोर्स फाईलमध्येच चोरवाट सापडली होती, तिथे चेकसम जुळतच होता.

पण याच ठशामुळे एक मोठी सोय होते. फाईल कुठल्या वाटेने आली याला महत्त्व उरत नाही. दुसरा मिरर निवडा, कॉलेजच्या लॅबमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर आणा, मित्राकडून घ्या. पोर्टेजच्या डाउनलोडच्या फोल्डरमध्ये ठेवली की ते ठसा तपासतं आणि नेटकडे न जाता कामाला लागतं. जेंटू तसंही आधी स्वतःच्या मिररवर शोधतं आणि नंतर मूळ साइटकडे जातं. एयूआरमध्ये सहसा थेट मूळ साइटवरच जावं लागतं, म्हणून तिथे ही युक्ती जास्त कामाची.

केबलवाल्याकडे तक्रार करायची वेळ आली तर "नेट स्लो आहे" असं सांगू नका. तो स्पीड टेस्ट लावून दाखवेल आणि निघून जाईल. कोणत्या नावाचा सर्व्हर, किती वाजता, डीएनएसने कोणता पत्ता दिला आणि हॉटस्पॉटवर तीच फाईल किती वेळात उतरली, या चार गोष्टी लिहून द्या.