कार्डावरचे गुण येतात कुठून?
महाराष्ट्राने १९७६चा, कधीच अमलात न आलेला कॅसिनो कायदा २०२३ मध्ये रद्द केला. गोव्यात मात्र १९९२च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला मुभा मिळाली. त्यामुळे जालन्याच्या पर्यटकाला हे यंत्र बहुधा गोव्यातच प्रथम दिसते. प्रत्येक फेरीचा निकाल स्वतंत्र असतो; दहा वेळा हरल्याने अकरावी जिंकण्याची शक्यता वाढत नाही. समजा, १० रुपयांच्या ५०० फेऱ्या झाल्या आणि यंत्राचा वाटा ८ टक्के असला, तर सरासरी ४०० रुपये जातात. यंत्रात घालायचे कॅसिनोचे सदस्य कार्ड पणाला लावलेली रक्कम नोंदवते आणि गुण म्हणून देते तो याच तोट्याचा छोटा हिस्सा. कार्ड घातल्याने यंत्र कमी देते, ही भीती निराधार आहे. ‘गुणांवर जेवण तर फुकट मिळते ना?’ असे कोणी म्हणेल. खेळणारच असाल तर कार्ड जरूर घ्या, पण गुणांसाठी एकही जादा फेरी नको. तिच्यात सरासरी जाणारी रक्कम मिळणाऱ्या गुणांहून मोठी असते.