समांतर कंपायलेशन : आकड्याआधी अवलंबित्व

मनुष्याने लिहिलेल्या सहस्रावधी फाइलींचे यंत्रभाषेत रूपांतर करून त्यांतून एकसंध प्रणाली घडवण्याचे कार्य सुव्यवस्थित व्हावे म्हणून स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ‘मेक’ हे साधन निर्माण केले. कोणती फाइल कोणावर अवलंबून आहे याची नोंद ‘मेकफाइल’ या दप्तरात करावयाची आणि जे बदलले तेवढेच पुन्हा कंपाइल करावयाचे, हे त्याचे मूलतत्त्व होय. ज्या फाइली परस्परांवर अवलंबून नाहीत त्या एकाच वेळी कंपाइल करण्याची मुभा याच नोंदीतून मिळते, आणि आजच्या अनेक कोअरच्या प्रोसेसरवर तिचे मोल फार मोठे आहे.

‘मेक’चाच एक अवतार असलेल्या ग्नू मेकला ‘जे’ या पर्यायापुढे ८ हा आकडा दिला, तर ते एकावेळी आठ कामे चालवते. आकडाच दिला नाही, तर मात्र कामांच्या संख्येवर कोणतीही मर्यादा उरत नाही, आणि मोठ्या प्रकल्पात त्यामुळे यंत्राची मेमरी संपुष्टात येऊ शकते. कोअर जितके तितकी कामे हा हिशेब आरंभापुरता ठीक आहे. परंतु सी++ची एखादी अवजड फाइल एकटीच एक गिगाबाइटहून अधिक मेमरी व्यापू शकते, आणि अंतिम जोडणीचे, म्हणजे लिंकिंगचे, काम तर त्याहूनही खर्चिक ठरू शकते. याच कारणास्तव क्रोम ब्राउझरच्या बांधणीसाठी इव्हान मार्टिन यांनी रचलेल्या ‘निंजा’ या साधनात लिंकिंगसारख्या कामांना ‘पूल’ या तरतुदीने स्वतंत्र मर्यादा घालता येते. एका मेकने दुसऱ्या मेकला पाचारण केले असता प्रत्येकाने आठ-आठ कामे काढू नयेत, यासाठी ग्नू मेकमध्ये ‘जॉबसर्व्हर’ आहे : एका पाइपमध्ये ठरावीक परवाने ठेवलेले असतात, अधिकचे काम सुरू करण्यापूर्वी त्यांतील एक उचलावा लागतो आणि काम संपताच तो परत करावा लागतो.

तथापि आकड्याच्या या विवंचनेहून गंभीर प्रश्न नोंदीच्या खरेपणाचा आहे. एखादी हेडर फाइल बांधणीच्या ओघातच तयार होत असेल आणि तिच्यावरील अवलंबित्व मेकफाइलमध्ये नमूद नसेल, तर एकामागून एक कामे चालताना निव्वळ क्रमाच्या कृपेने सारे निभावते. समांतर कामे सुरू होताच तीच बांधणी कधी सिद्धीस जाते, कधी कोसळते. अशा वेळी आकडा पुन्हा एकवर आणण्याचा प्रघात आहे. त्याने त्रुटी झाकली जाते, दूर होत नाही. ग्नू मेकच्या २०२२ सालच्या ४.४ आवृत्तीत कामांचा क्रम मुद्दाम विस्कटणारा ‘शफल’ हा पर्याय आला, तो असली लपलेली अवलंबित्वे उघडकीस आणण्यासाठीच.

वेगालाही सीमा आहे. जीन अम्डाल यांनी १९६७ साली मांडलेल्या विचारानुसार, एकूण कामाचा दहावा हिस्सा क्रमानेच व्हावयाचा असेल, तर कितीही कोअर जोडले तरी दहापटीहून अधिक वेग लाभत नाही. म्हणून प्रथम अवलंबित्वाची नोंद निर्दोष करावी, नंतर मेमरी पाहून आकडा ठरवावा, आणि क्रमाने होणारा हिस्सा घटवण्याकडे लक्ष द्यावे. कारण जी बांधणी प्रत्येक वेळी तोच निकाल देत नाही, तिच्या वेगावर कोणत्याही प्रोग्रामरला विसंबता येणार नाही.